बिनवासाचं आमिष

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी आम्रपाली ओव्हाळ वेताळ टेकडीवरच्या गवतात पालथी पडून होती. हनुवटी जमिनीला टेकलेली, मोबाइल दोन्ही हातांत धरून पुढे केलेला. तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर शेणाचा पो होता, आणि तो हलत होता.

पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ टेकडी उतरता उतरता थांबले.

“काही हरवलंय का?”

“नाही काका, सापडलंय!” ती मान न वळवता ओरडली.

“मग उठा. वाट आहे ही.”

ती उठली नाही. गृहस्थ वळसा घालून गेले.

पोच्या आत आणि वर किड्यांची गर्दी होती. बहुतेक काळे, मुगाच्या दाण्याएवढे, शेणात शिरून नाहीसे होणारे. पण एक वेगळा होता. अंगावर तांबूस-हिरवी चकाकी, पुढचे पाय करवतीसारखे. त्यानं शेणाचा एक लचका तोडून वेगळा काढला, थापटून त्याचा बोराएवढा गोळा केला, मग डोकं जमिनीला लावून मागचे पाय गोळ्यावर टेकवले आणि उलट्या दिशेनं ढकलायला सुरुवात केली. तेवढ्यात तसाच दुसरा किडा उडत येऊन गोळ्यावरच बसला. दोघांची झटापट झाली. गोळा उतारावरून सुटला आणि दोन्ही किडे त्याच्यामागे धावले.

“स्वराली! इकडे ये! पळत ये!”

स्वराली तिची वर्गमैत्रीण. दोघी पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. टेकडीच्या माळावर स्वराली पक्षी मोजते, आम्रपाली शेणकिडे. त्या क्षणी स्वराली दुर्बीण डोळ्यांना लावून उभी होती.

“तुझ्या ओरडण्यानं माझे चंडोल उडाले,” ती आल्या आल्या म्हणाली.

“उडू देत! हे बघ. रोलर आहे. गोळा लोटणारा! टेकडीवर आहेत ते, स्वराली, आहेत!”

स्वराली गुडघ्यांवर बसली. मग तिनं पलीकडे पाहिलं. बारा-पंधरा पावलांवर आम्रपालीचा सापळा होता. जमिनीत पुरलेला आइस्क्रीमचा डबा, वर काडीला टांगलेली शेणाची पुरचुंडी. तो आम्रपालीनं दहा मिनिटांपूर्वीच पाहिला होता. आत दोन मुंग्या आणि गवताचं एक कुसळ.

“मग तुझ्यात का पडत नाहीत?” स्वरालीनं विचारलं.

आम्रपाली उठून बसली. पो एका गाईचा होता. पायथ्याकडच्या वस्तीतून चार-पाच गाई अधूनमधून वर चरायला येतात, त्यांतली एखादी तासाभरापूर्वी इथून गेली असणार. किडे तेच, माळ तोच, ऊन तेच. फरक फक्त शेणात होता.

“शेण,” ती म्हणाली. “माझं शेण चुकीचं आहे!”

“हे मोठ्यानं नको म्हणूस,” स्वराली म्हणाली. “लोक फिरायला येतात इथे.”

आम्रपाली बावीस वर्षांची आहे. ओव्हाळ कुटुंब वाघोलीला राहायला आलं तेव्हा ती पहिलीत होती. त्यांच्या सोसायटीमागे एक बंद पडलेली दगडखाण आहे. खाणीत पाणी साठलेलं, कडेनं बाभळी. सोसायटीतली बाकीची मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत, ही खाणीच्या काठावर दगड उलटे करी. चौथीत असताना तिच्या कंपासपेटीत आईला जिवंत विंचू सापडला. आईनं पेटी खिडकीतून फेकली. आम्रपाली खाली जाऊन ती घेऊन आली, विंचवासकट.

शेणकिडे तिनं निवडले ते पहिल्या वर्षाच्या एका अभ्याससहलीनंतर. हे किडे शेण खातात, जमिनीखाली नेतात, त्यात अंडी घालतात. त्यामुळे माती भुसभुशीत होते, शेणातलं बी रुजतं, माश्या कमी होतात. गुरं कमी झालेल्या शहरात हे किडे कुठे आणि कोणते उरलेत, हा तिचा प्रश्न. जागा तीन: टेकडीवरचा माळ, मुळा-मुठेचा काठ आणि वाघोलीची तीच खाण. प्रत्येक जागी सहा सापळे. सापळा एक दिवस एक रात्र ठेवायचा, दुसऱ्या दिवशी उघडायचा, काय पडलं ते ओळखायचं.

पहिली फेरी तिन्ही ठिकाणी रिकामी गेली. तिच्या मार्गदर्शक डॉ. पद्मजा आगाशे यांनी पावसावर खापर फोडलं. दुसरी फेरी नदीकाठी आणि खाणीवर पुन्हा रिकामी गेली, तेव्हा त्यांनी पावसाचं नाव घेतलं नाही. येत्या शुक्रवारी विभागात विषय कायम करण्याची बैठक होती. त्याआधी एक तरी फेरी नीट झाली नाही, तर आम्रपालीला विषय बदलावा लागणार होता. नवा विषय मॅडमनी काढूनही ठेवला होता: वाघोलीत टँकरनं येणाऱ्या पाण्याची तपासणी.

“टँकर रोज येतो,” त्या म्हणाल्या होत्या. “तुमचे किडे कधी येणार?”

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. आणखी पंधरा दिवसांत माळ वाळला असता आणि किडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत जमिनीखाली गेले असते.

टेकडीवरूनच तिनं फोन लावला. तिचं शेण कसबा पेठेतल्या एका दुकानातून येत होतं. गच्चीवरच्या बागेला लागणारं सामान तिथे मिळतं: कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत आणि पाकीटबंद ताजं शेण. फोन दुकानातल्या दीपालीनं घेतला.

“ताई, तुमच्याकडचं शेण कुठून येतं हो?”

“का? काही तक्रार आहे?”

“तक्रार नाही. त्यात किडे येत नाहीयेत.”

“येणारच नाहीत,” दीपाली म्हणाली. “कडुनिंबाचा अर्क मिसळलेला असतो. वास मारतो, किडा धरत नाही. आमच्या शेणात किडा सापडला तर पाकीट बदलून देतो आम्ही.”

आम्रपालीनं फोन खाली घेतला. स्वरालीनं स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. ती गवतात आडवी होऊन हसत होती.

“दोन फेऱ्या!” आम्रपाली म्हणाली. “दोन फेऱ्या मी किड्यांना हाकलायचं औषध टांगून ठेवलं!” आणि मग तीही हसायला लागली, कारण पोमधला तिसरा रोलर आता गोळा करायला लागला होता.

खरं तर शेणाला वास नाही, हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. तेव्हा ते सोयीचं वाटलं. बसमध्ये कोणी नाक मुरडलं नाही. घरी आल्यावर ती पाकिटं डब्यांत रिकामी करून टाकी, आणि पाकिटावरचा बारीक मजकूर पाकिटाबरोबर कचऱ्यात जाई.

दुकान मात्र तिनं निवडलेलं नव्हतं. ते तिच्या वडिलांनी निवडलं होतं.

संभाजी ओव्हाळ एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून आहेत. मुलीचा विषय त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि एकच गोष्ट सांगितली. त्यांचे वडील नागोराव दौंड तालुक्यातल्या गावी पाटलाच्या गोठ्यातलं शेण काढत. मेलेलं जनावर ओढत. छप्पन साली अठरा वर्षांच्या नागोरावांनी धम्म स्वीकारला आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही कामं बंद केली. गावानं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. नागोराव पुण्यात आले.

“आता त्यांची नात गोठ्यात बादली घेऊन उभी राहणार,” ओव्हाळ म्हणाले होते. “एम.एस्सी. करून.”

“मी शेण काढत नाहीये पप्पा, नमुना घेतेय.”

“बघणाऱ्याला काय कळणार? गळ्यात पाटी लावणार आहेस?”

स्वरालीच्या घरी हा प्रश्नच आला नव्हता. मैत्रिणीचा विषय ऐकून तिच्या आजीनं शेण पवित्र असतं म्हणून सांगितलं आणि अंगणासाठी दोन वाट्या आणायलाही सांगितलं. आम्रपालीनं ही गोष्ट घरी सांगितली नाही. सांगून उपयोग नव्हता.

शेवटी तोडगा निघाला. गोठ्यात जायचं नाही, शेण दुकानातून आणायचं, पावती घ्यायची. कार्यालयातून येताना कसबा पेठेतलं दुकान ओव्हाळांनी स्वतः पाहून ठेवलं. स्वच्छ दुकान, सीलबंद पाकीट, काउंटरवर मराठी बोलणारी मुलगी. त्यांना ते पटलं.

मंगळवारी संध्याकाळी ते बूट काढत असतानाच आम्रपालीनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

“आधी हे बघा. मग बोला.”

त्यांनी बघितलं. किडा गोळा ढकलत होता, दुसरा चढत होता, गोळा सुटत होता.

“हा उलटा का चालतो?”

“मागच्या पायांत जोर असतो. आणि दिशा तो सूर्यावरून धरतो. सरळ रेषेत जातो, पप्पा, इतका सरळ! मध्ये दगड आला तरी वळसा घालून परत त्याच रेषेत!”

त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे टेकडीवर आहेत?”

“आहेत. माझ्या सापळ्यात येत नाहीत, कारण तुमच्या दुकानातल्या शेणात कडुनिंब आहे.”

“माझ्या दुकानातल्या,” ओव्हाळ म्हणाले.

“तुम्हीच निवडलंत.”

आतून आईचा आवाज आला. “दोघांनी मिळून शेणावर भांडायचं असेल तर गॅलरीत जा.”

दोघं गॅलरीत गेले. आम्रपालीनं हिशेब मांडला. शुक्रवारी बैठक. सापळा चोवीस तास लागतो. उद्या लावला तर परवा उघडेल. ताजं, काही न मिसळलेलं शेण फक्त गोठ्यात मिळेल. केशवनगरला एक गोठा आहे, मालकाशी स्वरालीनं फोनवर बोलून ठेवलंय.

“आणि हे केलं नाही तर?”

“तर टँकरचं पाणी.”

टँकरचं पाणी ओव्हाळांना मनापासून आवडत होतं. प्रयोगशाळा, पांढरा कोट, सोसायटीच्या कामाचा विषय.

“दोन फेऱ्यांचं तू काय लिहून दिलं असतंस?”

“टेकडीवर शेणकिडे आढळले नाहीत, असं.”

“सहीनिशी?”

“सहीनिशी.”

“आणि ते खोटं ठरलं असतं.”

“हो.”

तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासण्यात गेलेला माणूस यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. “असं कागदावर जाऊ द्यायचं नाही,” ते म्हणाले. “पण माझ्या तीन अटी आहेत. मी बरोबर येणार. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र घालायचं. आणि प्रयोगशाळेतला तो पांढरा कोट घालायचा.”

“गोठ्यात? पांढरा कोट?”

“पाटी लावायची नसेल तर कोट घाल.”

“बादली?”

“बादली मी धरणार नाही. गाडी चालवीन.”

बुधवारी पहाटे साडेपाचला स्कूटर वाघोलीतून निघाली. नगर रस्त्यावर तेवढ्या पहाटेही बस आणि टँकर होते. सहाच्या सुमारास केशवनगरच्या गोठ्याच्या दारात आम्रपाली उतरली: गुडघ्यापर्यंत पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात रबरी मोजे, झाकणाची बादली आणि खुरपं. गोठ्यात तीसेक म्हशी होत्या. धारा संपत आल्या होत्या. मालक रविराज तुपे, तिशीतला, हातातला पाइप टाकून लगबगीनं पुढे आला.

“या डॉक्टर, बरं झालं आलात. त्या कडंच्या म्हशीला जरा बघा की. कालपासून वैरणीला तोंड लावीना.”

आम्रपालीनं वडिलांकडे पाहिलं. ओव्हाळ स्कूटर स्टँडला लावण्यात गुंतले होते.

“मी डॉक्टर नाही हो. मी शेणासाठी आलेय. कॉलेजमधून. फोन केला होता ना?”

“ते तुम्ही व्हय?” रविराजनं कोटाकडे पुन्हा पाहिलं. “मला वाटलं, शेण न्यायला कोन गडी-बिडी येईल.”

“गडी नाही. संशोधक आहेत त्या,” ओव्हाळ मागून म्हणाले. आपल्याच मुलीला त्यांनी ‘त्या’ म्हटलं होतं. आम्रपाली हसू दाबून म्हशींकडे वळली.

“यांना जंताचं औषध कधी दिलंय? ते शेणात उतरलं की किडे मरतात.”

“पावसाळ्याआदी. आता दिवाळी झाल्यावर.”

“मग चालेल. आणि फरशीला फिनेल?”

“फिनेल दुपारी. आत्ता न्हाई.”

असं तिला दुकानातही विचारायचं सुचलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. आता ती एका म्हशीमागे उभी राहिली आणि फरशीला न लागलेलं, वरच्या थरातलं शेण मिळेल का, ते वाकून बघू लागली. तिनं खुरपं पुढे केलं, तेवढ्यात रविराजनं ते तिच्या हातातून घेतलं.

“ऱ्हाऊ द्या मॅडम, कोट भरंल. मी देतो की.”

तो उकिडवा बसला आणि हातानं, खुरप्यानं, जसं जमेल तसं शेण बादलीत भरू लागला. बादली अर्धी झाल्यावर त्यानं वर पाहिलं. “बास का अजून?”

“अजून थोडं.”

ओव्हाळ दारातून हे बघत होते. बादली भरल्यावर रविराजनं ती उचलून स्कूटरच्या पायाशी आणून ठेवली, नळावर हात धुतला आणि दोघांना चहा घेता का म्हणून विचारलं. ओव्हाळ म्हणाले, “घेऊ.” त्यांना कार्यालयात पावणेदहाला पोचायचं होतं आणि मध्ये सगळं शहर ओलांडून टेकडी गाठायची होती. तरी ते चहा घेऊन, कप परत देऊन निघाले.

या वेळी वास होता. येरवड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं बादलीकडे, मग कोटाकडे पाहिलं आणि रिक्षा पुढे घेतली. मागे बसलेली आम्रपाली वडिलांच्या कानात ओरडून सांगत होती की तीन तऱ्हेचे शेणकिडे असतात: लोटणारे, शेणाखाली बीळ करणारे आणि शेणातच मुक्काम करणारे, की टेकडीवर तिघंही सापडले तर माळ अजून जिवंत आहे, की कदाचित नदीकाठी फक्त बीळ करणारेच असतील, कारण तिथली माती मऊ.

“आणि खाणीवर?” ओव्हाळांनी हेल्मेटमधून विचारलं.

“तेच तर माहीत नाही ना!”

टेकडीवर स्वराली थांबली होती. दोघींनी सहा सापळ्यांतलं जुनं आमिष काढून पिशवीत भरलं, डबे धुतले, नवीन पुरचुंड्या बांधल्या. शेवटची गाठ मारून होईपर्यंत पहिल्या पुरचुंडीवर एक काळा किडा येऊन आपटला होता. स्वरालीनं दुर्बिणीतून बघत घोषणा केली, “पाहुणे आले.”

गुरुवारी सकाळी साडेनऊला पद्मजा आगाशे स्वतः टेकडीवर आल्या. पायांत बूट, डोक्याला रुमाल. त्या वीस वर्षं विद्यार्थ्यांचे सापळे बघत आल्या आहेत आणि रिकाम्या सापळ्याभोवती विद्यार्थी काय काय बोलतात, हे त्यांना पाठ आहे.

“कडुनिंबाचं कळलं मला,” त्या म्हणाल्या. “स्वरालीनं सगळ्या वर्गाला सांगितलंय. चला, उघडा.”

पहिला सापळा कुत्र्यानं उकरला होता. डबा उलटा, पुरचुंडी गायब. आम्रपालीचा चेहरा उतरला.

“कुत्र्याला आवडलं म्हणजे वास आहे,” मॅडम म्हणाल्या. “पुढचा.”

दुसऱ्या सापळ्यावर पावसाचा आडोसा म्हणून वीतभर उंच लावलेली थाळी आम्रपालीनं बाजूला केली आणि ती आत वाकली. डब्याचा तळ दिसत नव्हता. काळे, तपकिरी, एक शिंगवाला, बारीक तांदळाएवढे कित्येक. आणि त्या सगळ्यांवरून चढून बाहेर पडू पाहणारे तांबूस-हिरवे दोन.

“मॅडम! मॅडम, दोन! दोन रोलर! आणि हा शिंगवाला बघा, हा बीळवाला, आणि हे बारीक... तिघंही आहेत! तिन्ही प्रकार!”

“दिसतंय. ओरडू नका, मोजा.”

ती मोजेना. ती तिसऱ्या सापळ्याकडे धावली. तिसरा तसाच भरलेला. चौथ्यात कमी, पण एक रोलर. पाचव्याशी पोचेपर्यंत पद्मजा मॅडमनी रुमाल सोडून खिशात घातला होता आणि त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या होत्या. सहाव्या सापळ्यातला किडा त्यांनी चिमट्यात धरून उन्हाकडे फिरवला.

“हा मी या टेकडीवर पाहिलेला नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज तोच होता, पण किडा त्यांनी बराच वेळ खाली ठेवला नाही.

स्वराली फोटो काढत होती. आम्रपालीनं फोन काढून वडिलांना एक फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. काही मिनिटांत उत्तर आलं: “किती?” सकाळच्या फायली आलेल्या असताना ओव्हाळ मोबाइल बघत नाहीत, असं त्यांच्या कार्यालयातले लोक सांगतात.

मोजायला दीड तास लागला. ओळख पटलेले वेगळे, न पटलेले वेगळ्या नळ्यांत. मॅडमनी शेवटची नळी बंद केली आणि विचारलं, “आधीच्या दोन फेऱ्यांचं काय करणार?”

“काढून टाकू?”

“का? तीच जागा, तेच सापळे, एकदा कडुनिंबाचं शेण, एकदा गोठ्याचं. अशी तुलना आखून करायला मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही महिना घातला असतात. चूक लिहा, कशी झाली ते लिहा, आकडे शेजारी शेजारी ठेवा.”

“म्हणजे विषय...”

“टँकर मी तुमच्या वर्गातल्या अर्णवला दिला. काल संध्याकाळीच. त्याला गुडघ्यात वाकता येत नाही.”

आम्रपालीनं स्वरालीला मिठी मारली. स्वरालीच्या हातात उघडी नळी होती. तीन किडे गवतात पडले आणि तिघी पुन्हा ओणव्या झाल्या.

बैठक शुक्रवारी दुपारी तीनला आहे. त्याआधी नदीकाठचे सापळे लावायचे आहेत. गोठ्यात पहाटेची धार संपली की शेण मिळतं, म्हणजे सहाला. वाघोलीहून केशवनगरला स्कूटरनं पंचवीस मिनिटं लागतात. ओव्हाळांनी उद्याचा गजर पाच वाजून दहा मिनिटांचा लावला आहे.